पाव टनाचा ट्रेलर : रूपांतराच्या प्रश्नाचा आढावा

लष्कराने कामातून काढलेल्या वस्तूंना नागरी जीवनात जे दुसरे आयुष्य लाभते, त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जीपगाडीचे प्रकरण सहज सापडते. पण त्याच जीपमागे दोन चाकांवर धावणाऱ्या, वरून उघड्या आणि लोखंडी हौदासारख्या दिसणाऱ्या लहानशा ट्रेलरचे प्रकरण बहुधा नजरेआड राहते. अमेरिकेत मात्र गेली कित्येक दशके या ट्रेलरभोवती एक निष्ठावंत मंडळी जमलेली आहे. यूटा, नेव्हाडा, कॅलिफोर्निया या पश्चिमेकडील राज्यांच्या वैराण मुलुखांत चार-चार दिवस मुक्काम करणारे हौशी प्रवासी हा जुना ट्रेलर मिळवतात, त्याचा गंज काढतात, त्यावर झाकण, तंबू, पाण्याचे डबे आणि विजेची सोय बसवतात, आणि डांबरी सडक सोडून जाणाऱ्या वाटेवर त्याला आपल्या गाडीमागे जोडतात. हे रूपांतर कसे करावे, कोठवर करावे आणि मुळात करावे की नाही, यांविषयी या मंडळीत जो दीर्घ वाद चालत आला आहे, त्याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

विषय वरवर पाहता कारागिरीचा, म्हणजे नटबोल्ट आणि वेल्डिंगचा वाटतो; परंतु जसजसे आत शिरावे तसतसे लक्षात येते की, प्रत्येक तांत्रिक मतभेदाच्या तळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो भाराचा आहे. माणसाला अरण्यात राहण्यासाठी किती सामान लागते, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच तो ॲक्सल आणि जोड यांची निवड करू लागतो, आणि तेथून पुढचे बहुतेक घोटाळे उत्पन्न होतात, असे माझे मत या विषयाच्या अभ्यासाने झाले आहे. ते मत बाजूला ठेवून आधी पक्ष मांडतो.

उगम

१९४० सालच्या सप्टेंबरात पेनसिल्व्हानिया राज्यातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना अमेरिकन लष्कराच्या हवाली केला. पुढे प्रचंड उत्पादनाची कंत्राटे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या बलाढ्य कारखान्यांकडे गेली, आणि जिने जीपला जन्म दिला त्या लहान कंपनीच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे ओढावयाचा ट्रेलर आला. विलीजनेही हे ट्रेलर बांधले. युद्ध संपेपर्यंत दोहोंची मिळून संख्या लाखाच्या वर गेली होती. ‘पाव टनाचा’ हे त्याचे सरकारी नाव. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा, तेव्हा पाव टन म्हणजे पाचशे पौंड, आपल्या हिशेबाने सुमारे २२७ किलो. दारूगोळा, बिनतारी यंत्रे, पाणी, शिधा असा सरंजाम जीपला झेपेल तेथपर्यंत न्यावा, एवढेच त्याचे काम होते.

त्याच्या रचनेतील शहाणपण मात्र असामान्य होते. जीपचे आणि ट्रेलरचे टायर एकाच मापाचे, ६.००-१६ चे, आणि चाकेही तीच. त्यामुळे एकच स्टेपनी दोहोंना चाले. दोन चाकांमधील अंतर जीपच्या चाकांइतकेच; त्यामुळे जीपने चिखलात पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर मागोमाग येई आणि नवी वाट कापण्याचे श्रम जीपवर पडत नसत. हौद जलरोधी केलेला, त्यामुळे नदी ओलांडताना ट्रेलर तरंगे. आणि आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी तळाला बुचाची भोके ठेवलेली असत. पुढच्या दांड्याच्या टोकाला एक जाड पोलादी कडे असे. त्याला लुनेट म्हणतात. ते जीपच्या पाठीमागील पिंटल नावाच्या जबड्यासारख्या हुकात अडकवले की जोडणी पुरी झाली. काळोखात, थंडीने बधिर झालेल्या हातांनीही ती करता यावी हा त्यामागचा हेतू.

युद्धोत्तर काळात एम-३८ जीपसाठी एम-१०० हा ट्रेलर आला, आणि त्यानंतर एम-१५१ या गाडीच्या जोडीला १९६० नंतरच्या दशकात एम-४१६ आला. दोहोंचे टायर ७.००-१६ मापाचे. व्हिएतनामच्या युद्धात वापरला गेलेला हा एम-४१६ हाच आजच्या रूपांतरकारांचा सर्वांत आवडता आधार होय. त्यामागे एक विलक्षण कारण आहे. एम-१५१ ही गाडी वळणावर उलटण्याचा धोका बाळगून असल्यामुळे अमेरिकन सरकारने ती नागरिकांना अखंड विकण्याचे टाळले आणि पुष्कळ गाड्या विक्रीपूर्वी कापून टाकल्या. ट्रेलरवर मात्र तसा ठपका नव्हता. ओढणारा कापला गेला आणि ओढला जाणारा लिलावात सुटून शेतकरी, शिकारी, सुतार यांच्या अंगणात गेला. तेथे त्याने तीस-चाळीस वर्षे लाकडे, शेणखत आणि बांधकामाचा राडारोडा वाहिला, आणि मग नव्या पिढीच्या प्रवाशाने त्याला शोधून काढले.

जतन की रूपांतर

पहिला वाद रूपांतर करावे की नाही, हाच आहे. जुन्या लष्करी वाहनांचे जतन करणाऱ्यांचा पक्ष असा की, या ट्रेलरांची संख्या आता केवळ घटणारीच आहे; प्रत्येक कापलेला हौद आणि प्रत्येक उपटलेली माहितीपट्टी हा एक कायमचा नाश आहे. अनेक थरांखालून निघणारा मूळ ऑलिव्ह रंग, पत्र्यावर स्टेन्सिलने छापलेले तुकडीचे अंक, हौदाच्या कडेचे ताडपत्री बांधण्याचे आकडे, हे सारे ऐतिहासिक साधन आहे. ज्याला प्रवास करावयाचा आहे त्याने नवा ट्रेलर विकत घ्यावा. दस्तऐवजावर हिशेब लिहू नये.

दुसरा पक्ष म्हणतो की, यंत्राचे जतन वापराने होते. कुंपणाशी उलटा पडून गंजणाऱ्या ट्रेलरला जो पुन्हा रस्त्यावर आणतो तोच त्याचा खरा रक्षक. आणि शेतकऱ्याने आधीच मागचा पत्रा कापून दार केलेल्या, दोनदा वेल्डिंग झालेल्या हौदात मूळपणा तरी कोठे उरला आहे? या दोन टोकांच्या मध्ये, परत मागे जाता येईल असेच फेरफार करावेत, अशी एक तडजोड रूढ होत चालली आहे: नवे झाकण मूळ आकड्यांवरच बांधावे, सांगाडा वेल्ड न करता बोल्टांनी कसावा, काढलेले मूळ ॲक्सल आणि लुनेट तेलात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवून द्यावे. ही तडजोड मला विवेकाची वाटते. शिवाय फायबरग्लासच्या नव्या हौदांमुळे आणि त्याच घाटाच्या नव्या पोलादी ट्रेलरांमुळे, ज्याला केवळ रूप हवे आहे त्याला मूळ वस्तूला हात लावण्याचे कारण उरलेले नाही. आणि त्यामुळे या वादाची धार गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोथट झाली आहे.

चाकोरीचा प्रश्न

ज्याने रूपांतर करण्याचे ठरवले त्याच्यासमोर दुसरा प्रश्न चाकांचा येतो. युद्धकालीन जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे ४९ इंच होते. आजच्या रँग्लर जीपचे ते ६२ इंचांच्या आसपास आहे. म्हणजे जुन्या रुंदीचा ट्रेलर नव्या गाडीमागे लावला तर त्याची चाके दोन्ही बाजूंस सहा-सहा इंच आत पडतात. सपाट वाटेवर त्याने काही बिघडत नाही. खोल चाकोऱ्यांच्या ओल्या वाटेवर मात्र ट्रेलरचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर चढते, आणि हौद तिरका होऊन ओढीला एका अंगाने ताण बसतो. मूळ रचनेतील पहिले शहाणपण येथे कालमानाने नाहीसे झाले आहे, आणि ते परत मिळवावयाचे तर नवे रुंद ॲक्सल बसवणे भाग आहे.

त्याच्याच जोडीला हबचा प्रश्न. जुन्या सीजे जीपच्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळात असत. १९८७ पासून वायजे आणि टीजे या रँग्लरांत ते साडेचार इंचांवर आले. आणि २००७ च्या जेके गाडीपासून पाच इंचांवर गेले. त्यामुळे गाडीची स्टेपनी ट्रेलरला चालावी असे ज्याला वाटते, त्याने गाडी बदलली की हबही बदलावे लागतात. एकरूपतेचा पक्ष म्हणतो की, वैराण मुलुखात दोन स्टेपन्या वाहण्यापेक्षा हा खर्च एकदाच सोसलेला बरा. डेथ व्हॅलीतील रेसट्रॅककडे जाणाऱ्या सत्तावीस मैलांच्या वाटेवर अणकुचीदार दगडांनी टायर फाटणे ही नित्याची बाब आहे, आणि तेथे एका स्टेपनीने चार चाकांची सोय होते की सहांची, हा प्रश्न काल्पनिक नव्हे.

उलट पक्ष असे दाखवतो की, आजच्या गाड्यांचे ३३ ते ३५ इंच उंचीचे टायर ट्रेलरला लावले म्हणजे तो दोन-चार इंच वर उचलला जातो. मडगार्डाशी घासू नये म्हणून कमानपाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवले म्हणजे तो आणखी काही इंच वर जातो. आणि ज्या हौदाचे सारे स्थैर्य त्याच्या ठेंगणेपणात होते तो आता उंच आणि डळमळीत होतो. यांच्या मते मूळ उंचीचेच टायर ठेवावेत आणि दुसरी स्टेपनी हौदाच्या पुढच्या बाजूस, दांड्यावर टाकावी. तिचे वजन तेथे उपयोगीच पडते. दोन्ही युक्तिवाद बिनतोड आहेत, आणि प्रवासाचा मुलूख ठरल्याशिवाय त्यांचा निकाल लागत नाही.

जोड

लुनेट आणि पिंटल यांची जोडणी ही या ट्रेलरची खूण. कडे त्याच्या दांड्यात फिरते, त्यामुळे ट्रेलर पूर्ण उलटला तरी त्याचा पीळ गाडीपर्यंत पोहोचत नाही. तिचा दोष एकच, पण सतत जाणवणारा: कडे आणि हूक यांच्यामधील पोकळीमुळे गाडीने वेग कमी-जास्त केला की प्रत्येक वेळी धक्का बसतो, आणि दिवसभर खडखड ऐकावी लागते. मोटारींना सर्वत्र रूढ असलेली पोलादी गोळ्याची जोडणी मुक्याने चालते आणि हिसका देत नाही. पण तिचे फिरणे मर्यादित असते, आणि ओढ्याच्या काठावरून गाडी उतरत असता व ट्रेलर अजून मागच्या चढणीवरच असता ती अडून बसते. तिसरा मार्ग तीन दिशांना फिरणाऱ्या आधुनिक जोडांचा आहे. त्यात पोकळी नाही आणि फिरण्याला मर्यादाही नाही. त्याची किंमत मात्र पुष्कळांना जड वाटते, आणि त्याचा गाडीकडील अर्धा भाग विशेष असल्यामुळे आडगावी दुसऱ्या कोणाच्या वाहनाला आपला ट्रेलर जोडून बाहेर काढता येत नाही.

येथे एका सूक्ष्म आक्षेपाची नोंद घेतली पाहिजे. मुक्त फिरणाऱ्या जोडामुळे ट्रेलर कलंडू लागला तरी चालकाला त्याची जाणीवच होत नाही, असे काही अनुभवी प्रवासी सांगतात. गोळ्याची जोडणी निदान पाठीमागून ओढ देऊन इशारा देते. याला दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, इशारा मिळेपर्यंत गाडीचे मागचे चाक उचलले गेलेले असते. जोड कोणताही असो, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन साखळ्या असाव्यात, याविषयी मात्र मतभेद नाही.

कमानपाटे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी

मूळ ट्रेलर कमानपाट्यांवर उभा आहे. आपल्याकडील ट्रक-गॅरेजात ‘पाटे’ म्हणून जे ओळखले जातात तेच हे. एखादे पान तुटले तर ते खेड्यातील लोहारही बदलू शकतो, आणि तुटलेल्या पाट्याला लाकडाचा ठोकळा बांधून वस्तीपर्यंत येता येते. या एका गुणासाठी पारंपरिक पक्ष सारे दोष पत्करतो. दोष आहेतच. पाचशे पौंडांसाठी बनवलेले पाटे रिकाम्या हौदाखाली इतके ताठ राहतात की ट्रेलर प्रत्येक दगडावर उडी घेतो. म्हणून पुष्कळ जण त्यांतील एक-दोन पाने काढून टाकतात, आणि मग पूर्ण भार घातला की उरलेली पाने वाजवीपेक्षा अधिक वाकतात.

प्रतिस्पर्धी दोन. चौकोनी नळीत कोंबलेल्या रबरावर चाकाचा हात तोलणारे टॉर्शन ॲक्सल शांत असते आणि त्याला देखभाल जवळजवळ लागत नाही. बिघडले तर मात्र रस्त्यात दुरुस्ती नाही. दुसरा मार्ग प्रत्येक चाक स्वतंत्रपणे, लांब हातावर आणि स्प्रिंगवर तोलण्याचा. त्यात मधले ॲक्सल नाहीसे होते, त्यामुळे खडकाला अडणारा सर्वांत खालचा भाग जातो आणि एका चाकाखालचा दगड दुसऱ्या चाकाला तिरपे करीत नाही. ऑस्ट्रेलियात, जेथे शेकडो मैल आडव्या वळ्यांच्या, धोपटणीसारख्या रस्त्यांवरून जावे लागते, हा पक्ष फार प्रबळ आहे.

परंतु वळ्यांच्या रस्त्याचा अनुभव असलेले लोक आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयुक्त वाटते. ट्रेलरच्या टायरमधील हवा गाडीच्या टायरइतकीच ठेवण्याचा शिरस्ता चुकीचा आहे. ट्रेलरवर भार निम्म्याहून कमी असतो, तेव्हा हवाही बरीच कमी हवी. हजारो रुपयांचे सस्पेन्शन जे करू शकत नाही ते टायरमधील हवा थोडी सोडल्याने पुष्कळदा साधते, कारण टायर हाच पहिला स्प्रिंग आहे. दोन सस्पेन्शनांची तुलना करणारे पुष्कळ अनुभव परस्परविरोधी निघतात, त्याचे एक कारण हेच असावे की, सांगणारे वेग सांगतात, पाटे सांगतात, पण हवेचा दाब आणि हौदातील वजन यांची नोंद करीत नाहीत.

भाराचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कॉलोराडोत राहणाऱ्या एका मराठी स्नेह्याच्या आवारात मी असा एक एम-४१६ पाहिला. हौदाच्या आतल्या बाजूस चुन्याच्या खडूने एक यादी लिहिलेली होती. न्हाणीघरातील वजनकाटा त्याने फरशीवर ठेवला होता, आणि एकेक वस्तू त्यावर ठेवून तो आकडा हौदाच्या भिंतीवर उतरवीत होता. छतावर उघडणारा घडीचा तंबू ६० किलो. तंबू तोलणारा नळ्यांचा सांगाडा ३५. पत्र्याचे झाकण ३०. रिकामा फ्रिज २०. शंभर अँपियर-अवरची शिशाची बॅटरी ३०. वीस लिटरचे पाण्याचे दोन भरलेले डबे, डब्यांच्या वजनासह, ४८. पेट्रोलचे तसेच दोन डबे ३८. बेरीज २६१.

हौदाच्या पुढच्या अंगावरील माहितीपट्टी भाराची मर्यादा पाव टन, म्हणजे २२७ किलो सांगते. अजून तांदळाचा दाणा, पांघरूण, भांडे, हत्यारांची पेटी यांपैकी काहीही हौदात पडलेले नव्हते, आणि मर्यादा ३४ किलोंनी ओलांडली गेली होती.

या यादीचा अर्थ कसा लावावयाचा, यावर दोन प्रामाणिक मते आहेत. पहिले असे की, लष्कराने दिलेला आकडा सडक सोडून जाणाऱ्या वाटेसाठी, तोही वीस वर्षांचा शिपाई रात्री बेफाम हाकील हे धरून दिलेला आहे. शांतपणे ताशी दहा-पंधरा मैलांनी जाणाऱ्या कुटुंबवत्सल माणसाला त्याहून बराच अधिक भार नेता येतो, विशेषतः मूळ ॲक्सलच्या जागी साडेतीन हजार पौंडांचे ॲक्सल बसवले असेल तर. दुसरे मत असे की, ॲक्सलवर लिहिलेला आकडा ॲक्सलचा आहे, चौकटीचा नव्हे. मूळ चौकट, दांडा आणि त्यांचे जोड त्याच पाव टनासाठी बांधलेले आहेत, आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत अशक्त दुव्याइतकेच असते. ओढणाऱ्या गाडीची मर्यादाही आहे: दोन दारांच्या जेके रँग्लरला कारखान्याने दोन हजार पौंड ओढण्याची मुभा दिली आहे, चार दारांच्या गाडीला साडेतीन हजार. या वादात मी दुसऱ्या मताकडे झुकतो. चौकटीला पडलेली चीर रंगाखाली दिसत नाही, आणि ती वस्तीपासून साठ मैलांवर उघड होते.

भार किती, याइतकाच भार कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या गाडीवानाला हे शिकवावे लागत नसे. सामान मागच्या बाजूस चढले की बैलगाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, आणि उतारावर गाडी हातची जाते. पुढे फार भरले तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही नेमके तसेच आहे: एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांड्याच्या टोकावर पडावा, असा दंडक आहे, त्याहून कमी पडला तर सडकेवर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, आणि ती हालचाल एकदा वाढीला लागली की चालकाला आवरत नाही. पाण्याचे डबे म्हणून ॲक्सलच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावेत. ते संपत जातात आणि तोल रोज बदलतो, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

तंबू वर की जमिनीवर, हा उपप्रश्न याच हिशेबात मोडतो. वरच्या तंबूचा पुरस्कार करणारे म्हणतात की ओली जमीन, दगड, विंचू यांची चिंता नाही, आणि पाच मिनिटांत अंथरूण तयार होते. विरोधक म्हणतात की साठ किलो माणसाच्या छातीइतक्या उंचीवर गेले, आडव्या उतारावर ट्रेलर कलला. शिवाय तंबू घडी करून ठेवला असता खालचे झाकण उघडत नाही, आणि दुपारच्या जेवणासाठी सारा मुक्काम उलगडावा लागतो. काहींनी झाकणाला बाजूने उघडणारी दारे करून यावर उपाय काढला आहे. पण त्यासाठी हौद कापावा लागतो, आणि आपण पुन्हा पहिल्या वादापाशी येतो.

ब्रेक, वीज, कागदपत्रे

एम-४१६ ला केवळ उभे राहण्यासाठी हातब्रेक होता. नंतरच्या एम-४१६ए१ ला गाडीने वेग कमी करताच ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे ब्रेक आले. ते खडतर उतारावर सतत लागून राहतात आणि चढावर मागे घेताना चाके अडवतात, म्हणून पुष्कळ जण चालकाच्या हाताशी नियंत्रण असलेले विजेचे ब्रेक पसंत करतात. कायदा राज्यागणिक वेगळा: कॅलिफोर्नियात भारासह १,५०० पौंडांपासून ब्रेक सक्तीचे, इतर अनेक राज्यांत ३,००० पासून. रिकामा एम-४१६ साधारण २६० किलोंचा असतो. वरच्या यादीत अन्न, कपडे आणि नवे ॲक्सल मिळवले की कॅलिफोर्नियाची मर्यादा फार दूर राहत नाही.

लष्करी दिवे २४ व्होल्टचे, आजची गाडी १२ व्होल्टची. सारी तारजोडणी काढून नवी घालावी, यावर एकमत आहे. नोंदणीच्या बाबतीत, सरकारी लिलावातून आलेल्या वाहनाबरोबर एसएफ-९७ नावाचा दाखला येतो. तो चार मालकांपूर्वी हरवला असेल तर ट्रेलर अंगणात उभा राहतो आणि मालक कचेरीत. विकत घेण्यापूर्वी कागद पाहावा, हा सल्ला प्रत्येक जाणकार सर्वांत आधी देतो.

इतर मुलूख

ब्रिटनमध्ये याच भूमिकेत लँड रोव्हरमागचा सँकी ट्रेलर आहे. तो आकाराने मोठा, आणि त्याच्या रूपांतराचे वाद अमेरिकन वादांशी बहुतांशी जुळतात. ऑस्ट्रेलियात जुन्या लष्करी हौदापेक्षा प्रथमपासून प्रवासासाठीच बांधलेल्या ट्रेलरांची परंपरा बळकट असल्याने जतनाचा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. तेथील सारा विचार वळ्यांच्या रस्त्यांभोवती आणि हौदात शिरणाऱ्या धुळीभोवती फिरतो. धावत्या ट्रेलरमागे हवेची पोकळी निर्माण होऊन धूळ फटीफटीतून आत ओढली जाते, म्हणून झाकणावर पुढे तोंड केलेला झरोका ठेवून आत किंचित दाब राखावा, ही युक्ती तेथूनच अमेरिकेत आली.

भारतात १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी केली, आणि तिचे वंशज आजही घाटमाथ्यावर धावतात. तेव्हा लहान ट्रेलरची कल्पना आपल्याला परकी नाही. मार्ग मात्र कायद्याने अरुंद केला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये वाहनात मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ कडक लावला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण घरी बांधलेल्या वा रूपांतरित ट्रेलरची नोंदणी हा वेगळा विषय आहे.

काय अनिर्णित आहे

सर्वांत मोठा प्रश्न अजून तसाच आहे: ओढावे की नाही. ट्रेलर तळावर सोडून हलक्या गाडीने दिवसभर भटकता येते, हा त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. पण ज्या वाटेवर पुढे जाता येत नाही आणि वळायला जागाही नाही, अशा कड्यावरच्या अरुंद पट्टीवर अर्धा मैल ट्रेलर मागे रेटीत नेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, तो हा मुद्दा निमूटपणे ऐकत नाही. आखूड दांडा मागे घेताना क्षणात दुमडतो. लांब दांडा आज्ञाधारक असतो, पण तीव्र वळणावर आतल्या खडकाला हौद घासतो. किती लांब दांडा योग्य, यावर मला दोन माणसांचे एक उत्तर मिळालेले नाही. स्वतंत्र सस्पेन्शनचा लाभ एवढ्या हलक्या ट्रेलरला खरोखर किती होतो, हेही उघडेच आहे. एकच ट्रेलर, एकच भार, एकच हवा आणि एकच वाट ठेवून केलेल्या मापनांवाचून ते मिटणार नाही.

माझ्या स्नेह्याने त्या दिवशी यादीतील तंबू आणि सांगाडा यांवर आडवी रेघ मारली. बेरीज १६६ वर आली, आणि अन्न, कपडे, हत्यारे यांसाठी ६१ किलो मोकळे झाले. जमिनीवरचा जुना तंबू माळ्यावरून काढून त्याने उन्हात पसरला. नवे, बासष्ट इंची ॲक्सल मात्र भिंतीला टेकून उभेच होते. मूळ ॲक्सलचे बोल्ट त्याने तेल सोडून सैल केले होते, पण काढलेले नव्हते.